तीनदा नापास, तरी सोडू नका

भाऊ, तीनदा सीआयएसएसपी (संगणक-माहितीच्या सुरक्षेची परीक्षा) नापास झालो, आता सोडून द्यावं का, असं विचारताय. मी चौथ्या खेपेला पास झालो, नागपूरच्या मिहानमधली नोकरी सांभाळून, म्हणून लिहितो.

माझी चूक एकच होती: प्रत्येक प्रश्न फायरवॉल (नेटवर्कची राखण) सांभाळणाऱ्याच्या डोक्याने सोडवायचो. नेटवर्कमध्ये घुसखोरी दिसली की हात आधी केबल उपटायला! पेपरात विचारतात ते साहेबाच्या खुर्चीत बसून: धोका किती, खर्च किती, ठरलेली पद्धत काय. त्यात मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. १०० प्रश्नांनंतर पेपर कधीही संपू शकतो; माझा १००वा झाला आणि पेपर संपेना, तेव्हा तळहाताला फुटलेला घाम अजून आठवतो.

नापासाचा कागद फेकला नाही ना? ८ विषयांपैकी कशात कच्चे, कशात काठावर, हे त्यावर असतं. माझ्या कागदावर अजून तर्रीचा डाग आहे, पोहे खाताना उघडला होता. जोखीम व्यवस्थापन तिन्ही वेळा खाली. मग तेवढंच धरून बसलो.

तिसऱ्यानंतर ९० दिवस थांबावंच लागतं. त्यातले पहिले १५ दिवस पुस्तकाला हातच लावू नका. मी तर रोज संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊन नुसता बसायचो. बायकोला वाटलं, याने सोडलं बहुतेक.