शेवटच्या रिळात मालकाला पाझर फुटतो, म्हणून प्रश्न सुटतो का?

सातपूरकर: कारखान्यावरचा आपला नेहमीचा सिनेमा आठवा. मालक दोन तास कामगारांना पिळतो, मग पोरगी रडते नाहीतर हार्ट अटॅक येतो, आणि साहेबांना पाझर! म्हणजे सामाजिक जबाबदारी मालकाच्या काळजात, हिशेबाच्या वहीत नाहीच. मला उलट गोष्ट हवी. एकाच मशीनवर पहिल्या शिफ्टला कायम कामगार, दुसऱ्या शिफ्टला ठेकेदाराचा माणूस. दोघांच्या पगारस्लिपा शेजारी ठेवा, डायलॉग लागणारच नाहीत.

कायद्याचंही तेच. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे. पण फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. समाज गेटच्या बाहेर सुरू होतो!

अंबडचा वर्कशॉपवाला: साहेब, मालक कुठला ते आधी सांगा. मीही मालकच. माल देऊन चार महिने झाले, बिल निघत नाही. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं, हे २००६ च्या कायद्यात आहे. तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. माझ्या पोरांचा पगार मात्र दहा तारखेला व्हायलाच लागतो. पैसे अडवणारी कंपनी शाळेला बाकं देते, पेपरात फोटो. आम्हाला तुमच्या सिनेमात व्हिलनचाही रोल नाही.

गोदाकाठ: नाशकात बसून भांडवलाला शिव्या देताना दादासाहेब फाळके आठवावेत. १९१८ ची इथली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी मुंबईच्या धनिकांच्या पैशावरच उभी राहिली. भागीदारांशी बिनसलं, दादासाहेब काशीला निघून गेले, 'रंगभूमी' नाटक लिहिलं, पुन्हा कंपनीत आले. पैसा लावणारा हिशेब मागणारच, त्यात पाप काय?

सातपूरकर: मागावाच की. वरून खाली मागतात, तसा खालून वर मागितलेला दाखवा, एवढंच म्हणणं आहे.

दिंडोरी_द्राक्ष: 'मंथन' (१९७६) बघा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला सिनेमा. पैसा त्यांचा, म्हणून गोष्टही त्यांची. आमच्या मोहाडीत सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी आहे, त्यावर कादंबरी का नाही?

गोदाकाठ: गोष्ट त्यांची? हिरो तर शहरातून आलेला जनावरांचा डॉक्टर! आणि सहकार म्हटलं की सगळं गोड, असं नको. 'सामना' सिनेमातला हिंदूराव साखरेच्या सहकारातूनच मोठा झालाय. शेअर शेतकऱ्यांचे, दरारा एकाचा.

दिंडोरी_द्राक्ष: डॉक्टरची बदली होते, तो जातो. त्याच्या मागे सोसायटी गावातला भोला धरून ठेवतो. शेवट न बघता उठलात वाटतं. हिंदूरावाचं मान्य. पण तो माजला, कारण सभेत विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

अंबडचा वर्कशॉपवाला: चर्चा भारी आहे. पण पगारस्लिपेचा सिनेमा आला तर आमची पोरं तिकीट काढतील? त्यांना रविवारी मारामारीच लागते.

सातपूरकर: रविवारी सुट्टी असते त्यांना?

अंबडचा वर्कशॉपवाला: ऑर्डर असली की नसते. ओव्हरटाइम देतो.

सातपूरकर: डबल?