मदत हवी आहे: जमिनीवरच्या सर्व्हेतून हायड्रोग्राफीत (पाण्याखालच्या तळाच्या मोजणीत) जायचंय

फोंडेकर:
सिव्हिल डिप्लोमा झालाय, टोटल स्टेशन आणि डीजीपीएस (जागा मोजायची उपकरणं) येतं. ड्रेजिंगच्या (तळाचा गाळ उपसण्याच्या) कामावर ट्रेनी म्हणून संधी आहे. आधी गोव्यातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफीत कोर्स करावा की काम धरावं? नवं काय शिकावं लागेल?

खाजन:
काम धरा. ती संस्था नौदलाची, तिथे मुख्यतः नौदल, बंदरं आणि मित्रदेशांनी पाठवलेली माणसं शिकतात. जाहिरातीत 'कॅट-बी' दिसतं ते प्रत्यक्ष सर्व्हे करणाऱ्याचं प्रशिक्षण. 'कॅट-ए' म्हणजे कामाचं नियोजन आणि जबाबदारी घेणाऱ्याचं. नौदलाच्या हायड्रो केडरला (सर्व्हे अधिकाऱ्यांच्या भरतीला) मात्र इंजिनिअरिंगची पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही.

उधाण:
पोझिशनिंग, म्हणजे जागा ठरवणं, तुम्हाला येतंच. शिकायचं ते पाणी. भरती-ओहोटीची दुरुस्ती, चार्ट डेटम (नकाशावरची खोली ज्या पातळीपासून मोजतात ती) आणि सगळ्यात आधी पाण्यातला आवाजाचा वेग, कारण खोली आवाजाच्या प्रतिध्वनीवरूनच मोजतात. मशीनमध्ये 1500 मी/से भरलाय आणि खरा 1520 असेल, तर 10 मीटर खोलीला सुमारे 13 सेंटिमीटर कमी दिसतात. एस-44 या आंतरराष्ट्रीय सर्व्हे मानकाच्या स्पेशल ऑर्डर या कडक दर्जाला तिथे चुकीची एकूण सूट साधारण 26 सेंटिमीटर. म्हणजे निम्मी तिथेच संपली! पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या तोंडाशी वर गोडं, खाली खारं पाणी असतं, म्हणून सकाळची एकच प्रोफाइल (खोलीनुसार आवाजाच्या वेगाची नोंद) दिवसभर वापरू नका. ओहोटी-भरती बदलली की वेग मोजणारा प्रोब पुन्हा पाण्यात टाका. मल्टिबीमच्या (एकदम रुंद पट्टा मोजणाऱ्या यंत्राच्या) पट्ट्याच्या दोन्ही कडा एकसारख्या वर किंवा खाली वळल्या, तर पहिला संशय प्रोफाइलवर.

फोंडेकर:
आणि एकच कड वर, दुसरी खाली असेल तर?

उधाण:
मग रोल, म्हणजे यंत्र डावी-उजवीकडे कललेलं बसलंय. सपाट तळावर एकच लाइन उलटसुलट चालवा, फरक दिसेल. पिचसाठी (पुढे-मागे कल) उतारावर तेच, दोन्ही वेळा वेग सारखा. हेडिंगला (यंत्राच्या दिशेतली चूक) दोन समांतर लाइन, एकाच दिशेने, मधे खडक किंवा उतार हवा. लेटन्सी (जागेच्या नोंदीतला वेळेचा उशीर) या सगळ्यांच्या आधी: एकच लाइन, एकच दिशा, फक्त वेग वेगळा. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा-पकडणारा भाग) काढून पुन्हा बसवला की हे सगळं परत करायचं, 'तिथेच तर बसवलाय' म्हणून सोडू नका.

खाजन:
ड्रेजिंगच्या कामात गाळावरून भांडण ठरलेलं. 200 किलोहर्ट्झचा आवाज पातळ गाळाच्या माथ्यावरूनच परततो, 33 किलोहर्ट्झचा त्यातून खाली जातो. मोजणी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर धरायची ते करारात वाचून घ्या, बोटीवर चढायच्या आधी.