चासीचा गंज: जळकं ऑइल नको

गंज थांबवायला चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, जळकं (वापरलेलं) इंजिन ऑइल मारा, असं कुणी कुणी सांगतं. कृपया नको! त्याने सांध्यांमधले रबरी बुश फुगतात, पुढे रंगही धरत नाही.

मासळी वाहणाऱ्या जुन्या पिकअपची पोकळ चासी आतून कुजते. बर्फाचं खारं पाणी, चिखल आत साचतो. निथळायची भोकं तारेने मोकळी करा, गोड्या पाण्याने आतून धुवा, पूर्ण वाळू द्या. मग हातोडीने ठोका. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला, तर वेल्डिंगच. चांगल्या लोखंडापर्यंत कापा, मूळ जाडीचीच प्लेट लावा, टोकं तिरकी ठेवा. कारण आडव्या सरळ वेल्डपाशीच पुढे तडा जातो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, डिझेलची नळी बाजूला घ्या. शेवटी बाहेरून झिंक प्रायमर आणि रंग, आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण).