इन्सेटच्या दिवशी शिक्षकांना खेळवणं: गरज की वेळकाढूपणा?

लेस्टरकर
इंग्लंडातल्या सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. इथे शिक्षकाचं वर्ष 195 दिवसांचं. त्यातले 190 मुलांचे, उरलेले 5 'इन्सेट', म्हणजे मुलं घरी आणि आमचं प्रशिक्षण. केनेथ बेकर शिक्षणमंत्री असताना सुरू झाले म्हणून जुनी मंडळी अजून 'बेकर डे' म्हणतात. यंदा सप्टेंबरातल्या पहिल्याच इन्सेटची सकाळ खेळांत गेली. कच्च्या स्पॅगेटीच्या 20 काड्या, यार्डभर चिकटपट्टी, यार्डभर दोरा, शेंड्यावर एक मार्शमॅलो, वेळ 18 मिनिटं, रचा मनोरा. मग हात गुंफून माणसांची गाठ सोडवा. हिजाब घालणारी एक सहकारी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती, बिचारी दुसरं काय करणार? इकडे माझे वर्गातले बैठकीचे तक्ते तसेच पडलेले. सहकाऱ्यांशी सूत जुळतं ते कामात. खेळवून नाही.

मुठाकाठ
अजिबात पटलं नाही. 2023 पासून भारतातल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना इथली क्यूटीएस, म्हणजे शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता, घेता येते, मी त्यातलीच. नव्या माणसाला स्टाफरूममध्ये कोण विचारतं? खुर्ची ठरलेली, मगसुद्धा ठरलेला! मनोऱ्याच्या वेळी माझ्या टेबलावर प्रयोगशाळेचा टेक्निशियन होता. पुढे भर तासाला बर्नर पेटेनात, तेव्हा सरळ त्याला हाक मारली. ओळख नसती तर ईमेल टाकून बसले असते.

लेस्टरकर
ती ओळख चहा-बिस्किटांवरही झाली असती.

मुठाकाठ
चहाला माणसं आपापल्या विभागाच्या घोळक्यात उभी राहतात. बघा एकदा नीट. गाठीच्या खेळाबद्दल मात्र सहमत, तो बंदच करावा.

गुरुजी_साताऱ्याचे
आम्हालाही प्रशिक्षणात टाळ्यांचे नाना प्रकार करायला लावतात. पण त्या टाळ्या दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात चालतात. स्पॅगेटीचं काय करता?

मुठाकाठ
गुरुजी, तीही चालते! चौकोन लवंडतो आणि त्रिकोण टिकतो, हे मुलांना हाताने कळतं. टॉम वुजेक यांनी हा खेळ जगभर पोचवला. त्यांचं निरीक्षण असं की बालवाडीतली पोरं एमबीएवाल्यांपेक्षा उंच मनोरे रचतात, कारण ती पहिल्यापासून मार्शमॅलो लावून बघतात. मोठ्यांचा अर्धा वेळ कोण प्रमुख यातच जातो.

लेस्टरकर
मग हे आम्हाला सांगितलं कुणी? मनोरा पडला, फोटो काढले, पुढचा खेळ. चर्चा शून्य.

आडवा_प्रश्न
दोघांनाही विचारतो, टीम म्हणजे कोण? बऱ्याच टीचिंग असिस्टंटचा करार फक्त मुलं शाळेत असतात तेवढ्या 38 आठवड्यांचा असतो. इन्सेटचा पगार नाही, म्हणून त्या येतच नाहीत. वर्गात रोज शेजारी उभी असणारी बाई घरी, आणि तुम्ही इतिहासवाल्यांबरोबर काड्या चिकटवताय.

मुठाकाठ
हे खरंय. त्यांना पगार देऊन बोलवावं. खेळावर कशाला राग?

लेस्टरकर
राग सक्तीवर आहे. शाळा सांगेल ते काम करायचे वर्षाला 1265 तास करारातच असतात, त्यात हे धरतात, म्हणून नाही म्हणता येत नाही. हौस असेल त्यांच्यासाठी संध्याकाळी ठेवा, बघू किती जण येतात.

मुठाकाठ
संध्याकाळी ठेवलं तर ज्यांची पोरं लहान त्या बायका येणार नाहीत. येणार कोण, तर ज्यांची आधीच एकमेकांशी ओळख आहे ते.