हूबर आणि हूवर : आडनाव एक, पण घराणेही एकच का?

प्रश्न
नमस्कार. अमेरिकेचे ३१ वे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचे पूर्वज आंद्रेआस हूबर हे १७३८ मध्ये आजच्या जर्मनीतील पॅलॅटिनेट प्रदेशातून पेनसिल्व्हेनियात आले, असे वाचनात आले. बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथेही हूबर पुष्कळ आहेत. हे सगळे एकाच मूळपुरुषाचे वंशज असतील का? आणि ‘हूबर’चे ‘हूवर’ कसे झाले?

प्रतिसाद १
मूळपुरुष एक असणे शक्य नाही. ‘हूबे’ म्हणजे एका कुटुंबाचा चरितार्थ चालेल एवढी जमीन. उत्तरेकडे तिलाच ‘हूफे’ म्हणत. अशी जमीन कसणारा तो हूबर. असे शेतकरी गावोगाव होते, त्यामुळे हे आडनाव असंख्य ठिकाणी स्वतंत्रपणे रूढ झाले. एकाच परिसरात अनेक हूबर झाले, तेव्हा खालच्या अंगाला राहणारा नीडरहूबर आणि मागच्या अंगाचा हिंटरहूबर, असे भेदही पडले. सिलेशिया आणि सॅक्सनीकडे याच शब्दापासून ह्यूब्नर हे आडनाव आले.

याहून महत्त्वाची गोष्ट मला वेगळीच वाटते. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या ग्रामीण भागात नाव पुष्कळदा शेतघराचे असे आणि तिथे राहणाऱ्या माणसाला ते लागे. शेत जावयाच्या हाती गेले, तर तो जन्माने कोणत्याही घराण्याचा असला, तरी गावात त्या शेताच्याच नावाने ओळखला जाई. म्हणून शेजारशेजारच्या दोन हूबरांमध्येही रक्ताचे नाते गृहीत धरता येत नाही.

प्रतिसाद २
‘हूवर’विषयी लिहितो. पॅलॅटिनेटच्या बोलीत दोन स्वरांमधला ‘ब’ सैल होऊन ‘व’सारखा उच्चारला जातो, तिथे ‘वेबर’चेही ‘वेवर’ होते. म्हणजे उच्चारातला हा बदल समुद्र ओलांडण्यापूर्वीचाच आहे. १७२७ पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन यादीवर सही करावी लागे. ज्याला लिहिता येत नसे तो फुली काढी आणि त्या फुलीशेजारी कारकून त्याचे नाव कानावर पडेल तसे, इंग्रजी वळणाने लिही. एकाच माणसाचे नाव दोन याद्यांत दोन तऱ्हांनी आढळते ते यामुळेच.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. मग एखाद्या हूबर कुटुंबाचा माग काढायचा, तर सुरुवात कुठून करावी? आडनावाचे कुलचिन्ह विकत मिळते, त्याचा काही उपयोग होतो का?

प्रतिसाद ३
कुलचिन्हाचा उपयोग नाही. ते विशिष्ट घराण्याला मिळालेले असते, त्या आडनावाच्या प्रत्येकाला नव्हे.

आधी गाव निश्चित करावे, कारण गाव ठाऊक नसताना हूबर शोधणे व्यर्थ आहे. त्यानंतर त्या गावाच्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या पाहाव्यात. संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८७६ मध्ये सुरू झाली. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर मात्र फ्रेंच अमलामुळे ती १७९८ पासूनच आहे. पॅलॅटिनेटमधील धागा सतराव्या शतकाच्या मध्यावर तुटला, तर निराश होऊ नये. १६१८ ते १६४८ च्या युद्धात तो प्रदेश ओस पडला आणि नंतर तिथे स्वित्झर्लंडमधून अनेक कुटुंबे येऊन वसली. अशा वेळी गावच्या वहीत नवऱ्या मुलाच्या नावापुढे स्विस मूळगावाचा उल्लेख आहे का, हे ओळीन् ओळ वाचून पाहावे. तो सापडला, तर पुढचा शोध त्या स्विस गावाच्या वह्यांत घ्यावा.