झेडपी बांधकामचा चार्ज आलाय, आधी हात कशाला घालावा?

प्रभारी_ईई

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका झेडपीत उपअभियंता होतो, आता कार्यकारी अभियंत्याचा प्रभार दिलाय. जिल्हा विचारू नका. आजपर्यंत एक उपविभाग, त्यातल्या साइट, एमबी (कामाचं मोजमाप पुस्तक) आणि तिथले गुत्तेदार एवढंच बघितलं होतं, आता अख्ख्या जिल्ह्याचे ग्रामीण रस्ते, इतर जिल्हा मार्ग, शाळाखोल्या, अंगणवाड्या, उपकेंद्रं सगळं एकदम टेबलावर. शाखा अभियंत्यांच्या जागा रिकाम्या, एकेकाकडं दोन दोन सर्कल, त्यात सकाळपासून सरपंच, माजी सदस्य, आमदारांचे पीए यांचे फोन, परत्येकाला आपल्याच गावचा रस्ता पाहिजे. टेक्निकल येतं थोडंफार. विभाग चालवायचा कसा ते कुणी सांगत नाही. आधीचे साहेब चावी देऊन गेले, बस्स. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काय केलंत तुम्ही लोकांनी?

रिटायर्ड_बांधकाम

अभिनंदन म्हणू का सांत्वन करू 😀

आधी दायित्व काढा, म्हणजे जुन्या कामांचं द्यायचं राहिलेलं देणं. नवीन कामाची एकही यादी हातात घेण्याआधी, हेडनिहाय (बजेटच्या लेखाशीर्षानुसार), ३०५४ म्हणजे रस्ते देखभालीचं वेगळं, ५०५४ म्हणजे नवीन रस्तेकामाचं वेगळं, इमारतींचं वेगळं. चालू कामांची किती बिलं द्यायची राहिलीत, किती कामांना प्रशासकीय मान्यता आहे पण वर्क ऑर्डर नाही, किती वर्क ऑर्डर देऊन पडून आहेत. हा आकडा बहुतेक ठिकाणी कुणालाच धड माहीत नसतो, बांधकामचा एक सांगतो, कॅफोचा (झेडपीच्या मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याचा) दुसरा. दोन्ही जुळेपर्यंत सोडू नका.

कारण असं बगा, नियोजनाचं गणित त्यावरच उभं आहे. समजा १० कोटी मंजूर झाले आणि दायित्व ६ कोटी आहे तर उरले ४, त्याच्या दीडपट म्हणजे ६ कोटीची नवीन कामं धरता येतात. आता दायित्व कुणी ३ कोटीच दाखवलं तर उरले ७, दीडपट साडेदहा कोटीची कामं धरली जातात, सगळ्यांचे नारळ फुटतात, सगळे खूश, आणि दोन वर्षांनी बिलं घेऊन गुत्तेदार तुमच्या केबिनबाहेर. डीपीसीचा (जिल्हा नियोजन समितीचा) पैसा झेडपीला दोन वर्षांत खर्चायची मुभा असते म्हणून पहिल्या वर्षी कुणाला घाम फुटत नाही, फुटतो तो नंतर येणाऱ्या साहेबाला. तो साहेब आता तुम्ही आहात.

दुसरं, फोनवर हो म्हणू नका, नाही बी म्हणू नका. "पत्र द्या, यादीत बघतो" एवढंच. यादी मात्र खरंच पाहिजे, नसता लोक ओळखतात. प्रशासक असो की निवडून आलेले सदस्य असो, सीईओंसमोर ठेवायला कागदावरचा क्रम असला की तुमची मान सुटते.

आणि टेस्ट चेक, म्हणजे खालच्यांनी घेतलेल्या मोजमापांची साइटवरची पडताळणी, स्वतः करा. ऑफिसात बसून एमबीवर सही करायची नाही. महिन्याला थोड्याच साइटवर जा पण न सांगता जा. एकदा साहेब खडीचा थर खोदून बघतो अशी बातमी पसरली की निम्मं काम आपोआप होतं.

गुत्तेदार_बोलतोय

आमचंबी ऐका जरा, सगळे आम्हालाच चोर म्हणायलेत. इस्टिमेटपेक्षा पंचवीस तीस टक्के बिलो कुणी टेंडर भरायलं तर ते काम कशात बसवणार हे तुम्हाला कळत नाही का? कळतंय, पण कागद बरोबर आहे म्हणून वर्क ऑर्डर देतात. दर पृथक्करण मागा, म्हणजे तो दर कशाकशातून बसवला त्याचा हिशोब, डांबर कोणत्या प्लांटवरून आणणार, प्लांट किती किलोमीटरवर, ते मागा. लांबून येता येता माल थंड होतो आणि मग रोलर कितीबी फिरवा. आणि मार्चमध्ये कामं उरकायला लावू नका, वर्षभर फाइल एका टेबलावर आणि शेवटच्या पंधरा दिवसांत सगळ्यांना बिल पाहिजे. ज्याचं काम बरं झालं त्याचं बिल वेळेवर काढा, बाकी काही करायची गरज नाही, चांगली माणसं आपोआप टेंडर भरायला येतील.

काळं_रान

मी सरपंच होतो एक टर्म, इंजिनिअर नाही, पण सांगतो. आमच्याकडं रस्ता गाडीनं कमी आणि पाण्यानं जास्त मरायलाय. काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून वर येती, त्यावर मुरमाचा थर पातळ टाकला की दुसऱ्या पावसाळ्यात डांबराच्या पोळ्या निघत्यात. आणि नाली? नाली कागदावर. खरं सांगायचं तर आमचेच लोक साइडपट्टी नांगरत्यात, नाली बुजवून नांगराचं एक तास जास्तीचं काढत्यात, मग पाणी रस्त्यावर थांबलं की निवेदन घेऊन तुमच्याकडं. ह्यूम पाईप बारके टाकले की पऱ्हाट्या अन गाळानं पहिल्याच पुरात बंद. त्यावरून उसाच्या डबल ट्रॉल्या, गोदाकाठाला वाळूचे टिप्पर. तुम्ही एक करा, मे महिन्यात जेसीबी लावून फक्त नाल्या अन मोऱ्यांची तोंडं मोकळी करा. नारळ फुटत नाही त्याला, फोटो येत नाही, म्हणून कुणी करत नाही.

अंबाजोगाईकर_ओहायो

वरच्या दादांचं शंभर टक्के खरं. मी इथं अमेरिकेत एका काउंटी इंजिनिअरच्या ऑफिसात आहे. ओहायोत ८८ काउंट्या, आणि गंमत म्हणजे इथला काउंटी इंजिनिअर निवडणुकीत निवडून येतो, पण उभं राहायला इंजिनिअर आणि सर्व्हेयर दोन्ही लायसन्स लागतात. म्हणजे राजकारण इथंही आहेच, लोकांचे फोन आमच्याकडंही येतात, इथं बर्फ आणि मिठाच्या गाड्यांवरून येतात एवढंच.

घेण्यासारखं एकच सांगतो. रस्त्यांना शून्य ते शंभर असा नंबर द्यायची पद्धत आहे, भेगा, खड्डे, खचणं मोजून. आणि तो नंबर बघून सगळ्यात वाईट रस्ता आधी धरत नाहीत! जो रस्ता अजून बरा आहे, नुसत्या भेगा पडल्यात, त्याच्या भेगा भरून वर पातळ थर दिला की तो कमी पैशात बरीच वर्षं टिकतो. पूर्ण उखडलेला आज केला काय आणि पुढच्या वर्षी केला काय, तो मुळापासूनच करावा लागणार. आपल्याकडं बरोबर उलटं होतं, जो जास्त बोंबलतो त्याचा रस्ता आधी.

पुलांचं मात्र थांबायचं नाही. १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज भर गर्दीत पडला, ४६ माणसं गेली, त्यानंतर देशभर पूल ठरावीक मुदतीत तपासायचा नियम आला, साधारण दर २४ महिन्यांनी. आपल्याकडं २०१६ ला महाडचा सावित्रीवरचा पूल रात्री वाहून गेला ते आठवत असेलच.

रिटायर्ड_बांधकाम

ओहायोवाले, नंबर बरोबर आहे पण बरा रस्ता धरून वाईट सोडला हे सर्वसाधारण सभेत सांगून बघा एकदा 😀 दोन याद्या करायच्या. देखभालीचा पैसा बऱ्या रस्त्यांना, नवीन कामाचा पैसा मेलेल्या रस्त्यांना, आणि दोन्ही हेड एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. हे सभेत पटवता येतं.

प्रभारी_ईई

सगळ्यांचे आभार. पुलांचं वाचून जरा दचकलो, कारण २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात आमच्याकडच्या बऱ्याच मोऱ्या आणि छोटे पूल उघडे पडलेत, पूरहानीचे प्रस्ताव गेले पण जे पडले नाहीत फक्त खाली खरवडले गेलेत त्यांची यादीच नाही. ती उपविभागांकडून मागवतो, फोटो आणि लोकेशनसकट. दायित्वासाठी कॅफो साहेबांची सोमवारची वेळ घेतली. रिटायर्ड साहेब, तुमच्याकडं जुना तक्ता असेल तर रकाने तेवढे टाका ना इथं.

रिटायर्ड_बांधकाम

तक्ता काय, एक कागद होता. कामाचं नाव, हेड, प्रशासकीय मान्यतेची तारीख आणि रक्कम, टेंडरची रक्कम, वर्क ऑर्डर, आजवर दिलेलं बिल, राहिलेलं बिल, दोषदायित्व (बिघाड गुत्तेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत) कधी संपतं. शेवटचा रकाना विसरू नका, मुदतीत उखडलेला रस्ता गुत्तेदाराकडूनच करून घ्यायचा असतो आणि लोक त्यालाच नवीन इस्टिमेट लावून टाकतात.