'शीज द मॅन': संघ मुलींचा बुडाला, जिंकली एकटी व्हायोला

पायवाट (धागा)

अँडी फिकमन यांनी दिग्दर्शित केलेला 'शीज द मॅन' हा 2006 सालचा अमेरिकी विनोदी चित्रपट गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिला. या खेपेला हसू कमी आले, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. कॉर्नवॉल नावाच्या शाळेतील मुलींचा फुटबॉल संघ, पुरेशा मुलींनी नावे दिली नाहीत या कारणाने बंद केला जातो. व्हायोला (अमांडा बाइन्स) मुलांच्या संघासाठी निवड चाचणी देऊ द्या म्हणते, तेव्हा प्रशिक्षक हसतो आणि मुली मुलांइतक्या वेगवान वा बळकट नसतात हे शास्त्रच सांगते, असे ऐकवतो. तिचा जुळा भाऊ सेबॅस्टियन त्याच सुमारास संगीतासाठी गुपचूप लंडनला पळतो. त्याचे नाव घेऊन, डोक्यावर टोप चढवून आणि कल्ले चिकटवून ती इलिरिया या प्रतिस्पर्धी शाळेत दाखल होते, तिथल्या मुलांच्या संघात शिरते आणि अखेर कॉर्नवॉललाच हरवते. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'चा हा शाळकरी अवतार आहे.

माझा आक्षेप असा की अन्याय एका संघावर होतो आणि न्याय मात्र एकाच मुलीच्या पदरात पडतो. किया आणि इव्हॉन या तिच्याच संघातल्या मैत्रिणी. पण संघ बुडाल्यानंतर त्यांना काम उरते ते व्हायोलाचे सोंग वठवायला हातभार लावण्याचे. पिझ्झाच्या दुकानातला प्रसंग आठवा. नव्या 'सेबॅस्टियन'ला वर्गातली मुले जवळ करत नाहीत, म्हणून या मैत्रिणी ठरवून दुकानात येतात आणि त्याने झिडकारलेल्या, तरीही त्याच्यावर भाळलेल्या मुलींचे नाटक वठवतात. मग खऱ्या सेबॅस्टियनची मैत्रीण मोनिक तिथे उपटते आणि तिलाही तो चारचौघांत झटकून टाकतो. त्या क्षणी मुलांच्या टेबलावर त्याला जागा मिळते. मुलगी मुलगा म्हणून खपली कधी, तर तिने मुलींचा पाणउतारा केला तेव्हा! चित्रपट याकडे तिरकसपणे पाहतो असे म्हणावे, तर कॅमेरा त्या मुलांच्या बाजूनेच हसत असतो.

शंकासुर

धागाकर्तीशी असहमत. आपण म्हणता तो प्रसंग मुलांचीच टिंगल करणारा आहे. एखादा पोरगा 'भारी' ठरण्यासाठी त्या टेबलाला किती फालतू पुरावा पुरतो, हे तिथे दिसते. व्हायोलाही काही एकदम मैदान मारत नाही. इलिरियाचा प्रशिक्षक डिंकलेज (व्हिनी जोन्स) तिला आधी दुय्यम फळीत टाकतो. खोलीत सोबत राहणारा ड्यूक (चॅनिंग टेटम) त्याला आवडणाऱ्या ऑलिव्हियाशी जमवून देण्याच्या बोलीवर तिच्याकडून सराव करून घेतो आणि मग ती पहिल्या संघात येते. कॉर्नवॉलच्या प्रशिक्षकाच्या 'शास्त्रा'ला दिलेले हे उत्तर मला भाषणापेक्षा पटते: मुलांना मिळणारा सराव मुलीला मिळाला आणि ती त्यांच्या बरोबरीला आली.

त्यातच टॅम्पॉनचा (मासिक पाळीत वापरायच्या कापसाच्या बोळ्याचा) प्रसंग आहे. ड्यूकला तिच्या सामानात टॅम्पॉन सापडतात, ती घाबरून 'नाकातून रक्त येते, त्यासाठी' अशी थाप मारते आणि पुढे हा दांडगा गडी खरोखरच ते नाकात खुपसतो. इतक्या साध्या गोष्टीबद्दल मुले किती अडाणी असतात, हे यापेक्षा कमी वेळात कसे दाखवणार? संघ पुन्हा उभा राहिला नाही, ही तक्रार मला समजते. पण 'अशी ही बनवाबनवी' पाहून पुण्यातील भाड्याच्या खोल्यांचा प्रश्न सुटला नाही, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आडवा पास

पुण्याच्या खोल्यांचे उदाहरण झकास आहे, पण लागू पडत नाही. 'बनवाबनवी'त घर हे निमित्त आहे. इथे संघ बंद होणे हाच कथेचा पाया आहे आणि तो पाया अमेरिकेतल्या कायद्याच्या अंगाने तपासता येतो. शिक्षणात लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा 23 जून 1972 रोजी झाला. संघराज्य सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना तो लागू होतो. त्याखाली 1975 मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे एखाद्या खेळात शाळेचा संघ फक्त मुलांचा असेल आणि मुलींना पूर्वीपासून संधी कमी मिळाल्या असतील, तर मुलांच्या संघाची निवड चाचणी मुलींना खुली ठेवावी लागते. अपवाद आहे तो अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांचा. त्या यादीत मुष्टियुद्ध, कुस्ती, रग्बी, आइस हॉकी, अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉल यांची नावे आहेत. सॉकरचे, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचे, नाव नाही, मात्र 'अंगसंपर्क हाच ज्यांचा मुख्य भाग आहे असे इतर खेळ' असे शेपूट आहे आणि सगळा वाद त्या शेपटाचा.

सांगायचे हे की अशा शाळेतल्या मुलींना टोप आणि कल्ल्यांपूर्वी अर्ज आणि वकील हा मार्ग उपलब्ध असू शकतो. कॉर्नवॉल खासगी शाळा असेल आणि सरकारी पैसा घेत नसेल, तर गोष्ट वेगळी. पण पटकथेला हा प्रश्न पडतच नाही. शेवटच्या सामन्यात डिंकलेज नियमपुस्तिका फाडून टाकतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कागद फाडायचा तो प्रशिक्षकाने, मेहेरबानीही त्याचीच. हक्क हा शब्द कुठेच नाही.

अटलांटिकपार

आम्ही बरीच वर्षे न्यू जर्सीत आहोत आणि माझी मुलगी शाळेच्या संघात बचावफळीत खेळते. शनिवारी सकाळी थंडीत मैदानाकडेला घडीची खुर्ची टाकून, थर्मासमधला चहा पीत बसणे हा आम्हा आईबापांचा नित्यक्रम. त्यामुळे मला खटकते ते वेगळेच. चित्रपट 2006 चा. त्याआधी 1999 मध्ये कॅलिफोर्नियातील रोझ बोल मैदानावर 90 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अमेरिकेच्या महिलांनी पेनल्टींवर चीनला हरवून विश्वचषक जिंकला होता. निर्णायक पेनल्टी मारून ब्रँडी चॅस्टेनने जर्सी काढून गुडघे टेकले, ते छायाचित्र इथे घराघरांत पोहोचले होते. ज्या देशात हे घडून गेले, तिथल्या व्हायोलाला सात वर्षांनी 'मुलीही खेळू शकतात' हे पहिल्यापासून सिद्ध करावे लागते.

आणि शेवटच्या सामन्यातले ते उघड करणे! आपण मुलगी आहोत हे पटवण्यासाठी ती भर मैदानात जर्सी वर करते. चॅस्टेनने जर्सी काढली ती जिंकल्याच्या आनंदात. व्हायोला वर करते ती ओळख पटवण्यासाठी. त्याआधी सेबॅस्टियनलाही मुलगा असल्याचे दाखवायला चड्डी खाली करावी लागते, हे मान्य, म्हणजे समतोल राखलेला आहे. पण माझ्या शेजारी बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने त्या वेळी फोनमध्ये डोके घातले, हेही खरे.

शंकासुर

जर्सीबद्दल आपले म्हणणे मान्य करतो. मूळ नाटकाकडे मात्र एकदा पाहू. 'ट्वेल्फ्थ नाइट'च्या ज्या पहिल्या प्रयोगाची नोंद मिळते, तो 2 फेब्रुवारी 1602 रोजी लंडनच्या मिडल टेंपलमध्ये झाला. तेव्हा स्त्रीभूमिका मुलगेच करत. म्हणजे मुलगा मुलगी होऊन पुन्हा मुलगा होत असे. बालगंधर्वांचे शालू डोळ्यांपुढे असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. गंमत अशी की त्या व्हायोलाला शेवटपर्यंत स्वतःचे कपडे परत मिळत नाहीत. ते एका कप्तानाकडे असतात आणि कप्तान कैदेत. तिचे ज्याच्यावर प्रेम असते तो ऑर्सिनो तिला अखेरीसही सिझारिओ या तिच्या पुरुषवेशातल्या नावानेच हाक मारतो. चित्रपटातली व्हायोला नृत्यसमारंभात झगा घालून येते आणि नंतर इलिरियाच्या संघात, ड्यूकच्या बरोबरीने, स्वतःच्या नावाने खेळते. झगा आणि बूट दोन्ही तिचेच राहतात. चारशे वर्षांत एवढी प्रगती मला पुरेशी वाटते.

पायवाट

शंकासुर, टॅम्पॉनच्या प्रसंगाबद्दल माझे मत आपण बदललेत. तो मी केवळ आचरटपणा म्हणून सोडून दिला होता. सरावाचा मुद्दाही बिनतोड आहे. तरी माझा मूळ आक्षेप तिथेच आहे आणि 'आडवा पास' यांच्या प्रतिसादाने तो अधिक पक्का झाला. 2009 मध्ये आपल्याकडे 'दिल बोले हडिप्पा' आला, त्यातही राणी मुखर्जीची वीरा पगडी-दाढी लावून वीर होते, पुरुषांच्या क्रिकेट संघात शिरते आणि सामना गाजवते. वेश बदलला, खेळ बदलला, देश बदलला. एकटीच मुलगी आत जाण्याची वाट तीच राहिली. इलिरियाच्या मैदानावर व्हायोला स्वतःच्या नावाने धावते, हे मलाही आवडते. कॉर्नवॉलमध्ये मात्र ज्या मुलींनी संघासाठी नावे दिली होती, त्यांची यादी अजून त्या प्रशिक्षकाच्या टेबलावरच पडून आहे.